पुठ्ठा, खळ आणि खोटं सुतक

या जगात टाकून द्यावी अशी एकही वस्तू अजून तयार झालेली नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे भाऊजी घाटंजीला राहतात. तिथल्या एका कृषी केंद्रात गिऱ्हाइकांना बियाण्याच्या पिशव्या काढून देण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, पण ते आपलं पोटापाण्यापुरतं. खरं म्हणजे हा माणूस सणांसाठी जन्माला आला. लग्नपत्रिका हातात पडली की तुम्ही-आम्ही तारीख पाहतो. भाऊजी ती दोन बोटांत धरून कागदाची जाडी पाहतात. आमच्या नात्यातल्या एका लग्नाला ते चक्क पोचलेच नाहीत, कारण पत्रिकेचं तोवर तोरण होऊन दाराला लागलं होतं आणि तारीख नेमकी एका पाकळीच्या आत दुमडली गेली होती. नवरदेवाच्या बापाने पुढे कधीतरी जाब विचारला, तेव्हा भाऊजींनी त्याला हाताला धरून घरी नेलं, दारातलं तोरण दाखवलं आणि म्हणाले, "पाहा, किती मस्त पत्रिका छापलती तुम्ही!"

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन कधी सापडायचा नाही. दोऱ्याचं रीळ, चार सेफ्टी पिना, कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड आणि मेणबत्तीचा तुकडा एवढा ऐवज मात्र कायम असतो. जावई घरी आले की त्यांना पाणी द्यावं, खुर्चीत बसवावं, चहा ठेवावा अशी आपली रीत. आमचे जावई दारातून आत शिरले की तडक मागच्या दाराकडे जात. "काय काय फेकून राह्यले, थे पाहू द्या आधी." एकदा यवतमाळला आमच्याकडे नवा फ्रिज आला होता. भाऊजींनी फ्रिजकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्याच्या खोक्याला मात्र चहूबाजूंनी हात लावून पाहिला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, वस्तू भारी घेतली बरं." तो खोका त्यांनी घाटंजीच्या बसच्या टपावर चढवून नेला आणि पोळ्याला त्याचे चार बैल करून बहिणीच्या ओट्यावर उभे केले.

पुठ्ठा आला की खळ आली. विकतचा डिंक त्यांना चालत नाही. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर घोटायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, हा सगळा सोहळा ते स्वतः करतात, आणि त्यासाठी घरातलं सगळ्यात चांगलं पातेलं घेतात. एका दिवाळीत माझ्या वडिलांनी ती खळ खीर समजून वाटीत घेतली, गोडी कमी वाटली म्हणून वरून साखर घातली आणि अर्धी वाटी संपवली. घरात धावाधाव झाली. भाऊजी तेवढे शांत होते. त्यांना वडिलांची काळजी नव्हती, मैद्याने कोणाला काही होत नाही हे त्यांना माहीत होतं. आता आकाशकंदिलाचे दोन कोपरे उघडे राहणार, याने ते कष्टी झाले होते. आणि तो कंदील तरी कसा? तुरीच्या तुराट्यांचा सांगाडा, वर पतंगाचा कागद, आणि आकार इतका ऐसपैस की माजघरात तयार झाल्यावर तो घराच्या कोणत्याच दारातून बाहेर निघेना. शेवटी त्या वर्षी आमचा आकाशकंदील माजघरातच लागला आणि गल्लीतले लोक आत येऊन पाहून गेले.

माझी आई यवतमाळच्या दवाखान्यात होती तेव्हा भाऊजी तिच्या उशाशी बसून असत. रिकाम्या हाताने बसणं त्यांना जमत नाही. त्यांनी नर्सबाईंना मस्का लावून सलाईनच्या जुन्या, धुतलेल्या नळ्या मिळवल्या आणि त्यांचे मासे विणायला घेतले. पहिला मासा आईच्या खाटेला लागला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने मागितला म्हणून दुसरा झाला. आईला सुट्टी मिळेपर्यंत वॉर्डातल्या एकूण एक खाटेला मासा लटकत होता आणि नर्सबाईंच्या टेबलावर एक पोपट बसला होता. आई म्हणाली, "जवाईबुवा, मले लवकर घरी न्या. नाई तं जाळं टाकाले लोक येतीन इथं." ती त्या आजारपणात मनापासून हसली ती एवढीच.

हे लिहिताना मला हसू येतं आहे, पण तेव्हा येत नव्हतं, हे कबूल करायला हवं. मला त्यांची लाज वाटायची. मी यवतमाळला सरकारी कार्यालयात लागलो, इस्त्रीचे कपडे घालू लागलो आणि भाऊजी मला कौतुकाने साळेसाहेब म्हणू लागले. त्यांच्या तोंडी तो शब्द खरोखरच कौतुकाचा होता. मलाच तो टोचायचा. बसस्टँडवर ते खांद्यावर पुठ्ठ्यांची चवड घेऊन उतरत आणि मी त्यांना न्यायला गेलो असेन तर दहा पावलं पुढे चालत असे. कार्यालयातल्या एकाने एकदा विचारलं, हे कोण? मी म्हणालो, गावाकडचे ओळखीचे आहेत. भाऊजी मागेच होते. त्यांनी ऐकलं की नाही ते मला आजही माहीत नाही, कारण ते त्या वेळी एका रिकाम्या पेटीकडे पाहत होते.

आता महालक्ष्म्यांचं सांगतो, कारण माझी खरी शरम तिथे आहे. इतर ठिकाणी भाद्रपदात गौरी येतात, त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. दोघी बहिणी तीन दिवसांसाठी माहेरी येतात. पहिल्या दिवशी बसतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी उठतात. सगळ्यांच्या घरी त्या नसतात. ज्यांच्याकडे पिढ्यांपासून आहेत त्यांनी त्या सोडायच्या नाहीत आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी उगीच हौस म्हणून बसवायच्या नाहीत, कारण एकदा बसवल्या की दरसाल बसवाव्या लागतात. आमच्या घरी त्या होत्या. भाऊजींच्या घरी नव्हत्या. त्यामुळे बहीण आणि भाऊजी दरवर्षी तीन दिवस घाटंजीतच असलेल्या आमच्या आई-वडिलांच्या घरी येत, आणि ज्या जावयाला पाटावर बसवून जेवू घालायचं तो जावई तोंडात खिळे धरून स्टुलावर उभा असे. मखर त्यांचं. ते दुसऱ्या कोणी करायचं असतं हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. "पैसे लावून तं कोणीबी सजवते," ते म्हणत. "हातानं करा न. देव्यायले समजते कोणी केलं थे."

देव्यांना काय समजत असे देव जाणे, पण पाहुण्यांना पुष्कळ काही समजत असे. बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या आतून चांदीसारख्या चमकतात. एका वर्षी भाऊजींनी त्या उलट्या करून अशी झगझगीत महिरप उभी केली की लोक दारातूनच वाहवा करायचे. ऐन जेवणाच्या दिवशी, नैवेद्याचं ताट पुढे मांडलेलं असताना, पंख्याच्या वाऱ्याने एक पिशवी सुलटी झाली आणि दोघी महालक्ष्म्यांच्या बरोबर मधोमध ठळक अक्षरं दिसू लागली: फक्त पेरणीसाठी, खाण्यासाठी वापरू नये. आईने देव्यांची क्षमा मागितली. भाऊजी म्हणाले, "छपाई पाहा किती पक्की हाय, तीन पाणी धुतलं तरी नाई गेली."

आई-वडील गेल्यावर घाटंजीच्या घराला कुलूप लागलं आणि महालक्ष्म्या माझ्याबरोबर यवतमाळच्या फ्लॅटमध्ये आल्या. त्या पहिल्या वर्षी मी साहेबांना बोलावलं होतं. साहेब पुण्याकडून नवेच बदलून आलेले, मॅडमना विदर्भातला सण पाहायचा होता. भाऊजी दोन दिवस आधी आले, आमच्या हॉलच्या भिंतीचं माप दोऱ्याने घेऊन त्याला गाठ मारून ठेवली आणि कामाला लागले. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात नवी कल्पना होती. ओळखीच्या एका शेतातून त्यांनी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, हिरवी बोंडं आणली होती आणि मण्यांसारखी ओवून त्यांच्या माळाच माळा मखराला सोडल्या होत्या. खोटं कशाला बोलू, दिसत होत्या सुरेख. कापसाच्या जिल्ह्यात जन्म काढलेल्या आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नाही की हिरवं बोंड म्हणजे आत कोणीतरी राहतं आहे.

दोन दिवसांत बोंडं सुकली, वरून मोठ्या दिव्याची धग लागली आणि आतल्या मंडळींना घर सोडावंसं वाटलं. साहेब आणि मॅडम पुढच्याच सोफ्यावर बसले होते. पहिली गुलाबी अळी मॅडमच्या खिरीच्या वाटीत पडली, दुसरी खांद्यावर. मॅडम अशा ओरडल्या की खालच्या मजल्यावरून माणसं धावत आली. मी नॅपकिन शोधत होतो. भाऊजींनी पुढे होऊन खांद्यावरची अळी दोन बोटांनी अलगद उचलली, दिव्यासमोर धरून नीट पाहिली आणि आदबीने म्हणाले, "घाबरू नका जी मॅडम. बोंडअळी हाय. माणसाले काईच करत नाई, फक्त कापूस खाते."

पुढचं वर्षभर कार्यालयात माझं नाव बोंडअळी होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण मी आत शिरलो की हसणं थांबायचं, तेवढं पुरे होतं. पोळा जवळ आला तशी आमच्या शिपायाने गंभीर चेहऱ्याने चौकशी केली, "साहेब, औंदा कोणती अळी हाय?" त्याच दिवशी मी एका डेकोरेशनवाल्याकडे गेलो आणि सनबोर्डाचा महाल, नकली फुलं आणि रंग बदलणारे दिवे असं सगळं ठरवून आलो. बायको म्हणाली, भाऊजींना काय सांगणार? मी म्हणालो, बघू. बघू म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की ते मखराजवळ दिसायला नकोत.

महालक्ष्म्या बसायला चार दिवस उरले असताना त्यांचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. "साळेसाहेब, सारं तयार हाय. दोन पोते भरले. परवाच्या गाडीनं निघतो." नको म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. खरं कारण सांगण्याची तर नव्हतीच. आणि आमच्या लोकांत महालक्ष्म्या न बसवण्याला एकच कारण चालतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, यंदा बसवत नाही. सुतक आलं."

पलीकडून घाबऱ्या आवाजात, "कोण गेलं?"

भाऊबंदातला माणूस हवा होता, म्हणजे सुतक लागेल. आणि इतका लांबचा हवा होता की बहिणीकडे बातमी पोचली नसली तरी नवल वाटू नये. मी म्हणालो, मुकुटबनचे काका. वडिलांचे हे चुलत-चुलत भाऊ. आम्ही कोणी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं आणि माझ्या माहितीप्रमाणे ते ठणठणीत होते. अशा रीतीने दोन पोती पुठ्ठा टाळण्यासाठी मी एक जिवंत माणूस मारला.

"अरेरे," भाऊजी म्हणाले. "चांगला माणूस होता. तेरवी कवा हाय?" मी काहीतरी पुटपुटलो, ते लोक साधेपणानेच करणार आहेत, कोणाला बोलावत नाहीत. बहिणीने फोन घेतला, काकांसाठी थोडी रडली. तेही मी ऐकून घेतलं.

महालक्ष्म्या जेवायच्या दिवशीची संध्याकाळ. फ्लॅट माणसांनी भरलेला. महाल लखलखत होता, दिवे निळ्याचे जांभळे आणि जांभळ्याचे लाल होत होते. साहेब आले होते, मॅडम आल्या होत्या, आणि बसण्याआधी त्यांनी एकदा वर छताकडे पाहून घेतलं होतं. मी रेशमी कुडता घालून पेढ्यांचं ताट फिरवत होतो. दार उघडंच होतं. त्या दारात भाऊजी उभे होते. पांढरा सदरा, खांद्यावर पांढरा दुपट्टा, दुखवट्याच्या घरी जाताना माणूस असतो तसे, चेहराही तसाच तयार करून आणलेला. हातात पितळी कडीचा मोठा डबा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कुडत्याकडे, पेढ्यांकडे, देव्यांकडे. मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. मी म्हणालो, "भाऊजी, ते म्हणजे..." पण त्यांची नजर तोवर मखराच्या कोपऱ्यावर जाऊन थांबली होती. "थे माळ सुटून राह्यली, साळेसाहेब," ते म्हणाले. "पडन एखाद्याच्या डोक्यावर." डबा खाली ठेवून ते स्टुलावर चढले, खिशातली सेफ्टी पिन काढली आणि माझ्या भाड्याच्या महालाची निसटलेली माळ नीट अडकवून दिली. मॅडमनी त्यांना ओळखलं. "अय्या, तुम्ही ते बोंडअळीवाले ना?" सगळे हसले, आणि सांगायला जीभ जड होते, पण मीही हसलो.

"हाव जी मॅडम, थोच मी," भाऊजी स्टुलावरूनच म्हणाले. "औंदा नाई आणली."

साहेबांनी सहज विचारलं, मग यंदाची ही सजावट तुमची नाही का? मी ताट घेऊन उभा होतो. सांगायचं तर त्यांना एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. भाऊजी खाली उतरले, स्टूल जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "नाई जी. मलेच जमलं नाई औंदा. साळेसाहेबाचा फोन आलता, पण मीच नाई म्हणलं."

ते स्वयंपाकघरात गेले, मीही मागोमाग गेलो. बायकोने डबा उघडला. पुरणपोळी, आंबील, कढी आणि खालच्या पुडात सोळा भाज्या. तिचा हात तिथेच थांबला. "भाऊजी, हा तर महालक्ष्म्यांचा नैवेद्य. कोणाकडचा?"

"तुमचाच," भाऊजी म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, डब्याच्या कडीशी चाळा करत होते. "मी म्हणलं, सुतकात तुमच्यानं तं होत नाई. मंग थ्या दोघी कुठी जातीन? घाटंजीच्या घरी येतीन, कुलूप पाहतीन, तशाच उपाशी परत जातीन. गुरुजीले विचारलं. थे म्हणे, सुतक तुमच्या साळ्याले हाय, तुमाले नाई, तुमी बसवू शकता. पण एकदा बसवल्या तं सोडता येत नाई, म्हणे. म्हणलं, नाई सोडत. तुमच्याच नावानं बसवल्या आमच्या घरी. दुपारीच जेवल्या, थो परसाद घेऊन आलो. सुतकात घरी पुरण शिजत नाई न."

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवून आरतीला बोलावत होतं. भाऊजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे मुकुटबनचे काका...?"

"आहेत," मी म्हणालो. "बरे आहेत."

त्यांचा चेहरा खरोखर उजळला. त्या चेहऱ्यावर टोमणा शोधायचा मी नंतर पुष्कळ प्रयत्न केला आहे, कारण टोमणा सापडला असता तर मला जरा हलकं वाटलं असतं. "बरं झालं बा," ते म्हणाले. "गाडीत सारखा त्यायचाच इचार येत होता. चला, माणूस हाय हे मोठं काम झालं."

ते पंगतीला बसले, पोळी मागून घेतली, माझ्या बायकोच्या आंबिलीचं कौतुक केलं. जाताना दाराशी थबकून त्यांनी साहेबांनी आणलेल्या पुष्पगुच्छाच्या चकचकीत कागदाकडे पाहिलं. "हे फेकणार असान तं नेऊ काय?" मी तो कागद काढून दिला. घाईत तो थोडा फाटला. "असू द्या, कडेनं कापून घेतो," ते म्हणाले आणि रिकाम्या डब्यात त्याची घडी ठेवून शेवटच्या गाडीने गेले.

माफी मागायची म्हणून चौथ्या दिवशी मी घाटंजीला गेलो. देव्या उठल्या होत्या, मखर मात्र अजून तसंच होतं. समोरच्या छोट्या खोलीत ते मावतच नव्हतं. दोन्ही बाजूंनी वळवून कोपऱ्यांतून पुढे आणलं होतं. मला आधी कळेना, इतक्या वर्षांचा हात असलेल्या माणसाचं माप असं कसं चुकलं. मग समजलं की माप चुकलेलं नव्हतंच. ते माझ्या हॉलच्या भिंतीचं होतं. अख्खा श्रावण ते माझ्या भिंतीसाठी पाकळ्या कापत होते. एकही बोंड नव्हतं त्यात. बोंडांच्या जागी पांढऱ्या कागदाची हुबेहूब बोंडं करून त्यांत कापूस भरला होता. कपाटावर दोन मुखवटे होते. तांब्यावर वर्तमानपत्राचा लगदा थापून केलेले, घाईत वाळवल्यामुळे एकीचं हसू किंचित डावीकडे कललेलं.

बहिणीने चहा ठेवला. कप माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "आमची लाज वाटली तं वाटली रे. पण काकाले मारायची काय गरज होती? मी रडली न तुह्यासमोर फोनवर." मी तोंड उघडलं. तेवढ्यात भाऊजी मखरामागून म्हणाले, "साळेसाहेब, हा दोरा धरा जरा. उतरवून ठेवू, पुढच्या साली कामी येईन." मी दोऱ्याचं दुसरं टोक धरून तासभर उभा राहिलो आणि ज्यासाठी गेलो होतो ते न बोलताच परत आलो.

त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. माझ्या खोट्या सुतकाने त्यांच्या घरात खऱ्या महालक्ष्म्या आल्या, आणि आलेल्या महालक्ष्म्या सोडता येत नाहीत. तेच तीन दिवस त्यांच्याकडे, तेच तीन दिवस माझ्याकडे. त्यामुळे बहीण आता महालक्ष्म्यांना माहेरी येत नाही आणि भाऊजी माझ्या घरी स्टुलावर चढत नाहीत. मला हवं होतं ते असं अगदी कायमचं मिळालं. महाल मी पुन्हा कधी आणला नाही. पुठ्ठा आणतो, खळ करतो, तिच्यात गुठळ्या होतात. वाकडंतिकडं काहीतरी उभं राहतं. लोक विचारतात, हाताने केलं का? मी हो म्हणतो आणि विषय बदलतो.

जेवणाच्या दिवशी नैवेद्य दाखवून मी फोनजवळ बसून राहतो. बायको ताट वाढून ठेवते, पण घास घ्यावासा वाटत नाही. मग घाटंजीहून फोन येतो. मागे बहिणीचा आवाज असतो, आरतीची घंटा असते. इतक्या वर्षांत भाऊजींनी त्या दोघींना एकदाही आमच्या म्हटलेलं नाही.

"साळेसाहेब," ते म्हणतात, "तुमच्यावाल्या जेवल्या बरं. आता तुमी जेवून घ्या."